‘नेट येत नाहीये’

“राउटरवर कुठला दिवा लागलाय? लाल की हिरवा? वायर एकदा काढून परत घट्ट बसवा. राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा. दुसऱ्या मोबाइलवर नेट येतंय का? येतंय? मग तुमच्या कॉम्प्युटरमध्येच प्रॉब्लेम असेल.”

घरचं नेट गेलं की हेल्पलाइनवर हेच प्रश्न, याच क्रमाने येतात. विचारणाऱ्याला त्यांची उत्तरं नको असतात, त्याला कागदावरची यादी संपवायची असते. आणि आपण टेबलाखाली वाकून, मानेत फोन धरून, धुळीत हात घालत ती संपवतो. पण ही यादी कोणी एका दिवसात बसून लिहिलेली नाही. त्यातल्या प्रत्येक प्रश्नाखाली कुठलातरी जुना बिघाड गाडलेला आहे. आणि मुळात हे प्रश्न घरातल्या माणसाला का विचारले जातात, त्यालाही इतिहास आहे. नेट बिघडलं की गिऱ्हाइकाने अर्धामुर्धा इंजिनियर व्हायचं, असं ठरवून झालेलं आहे. ठरवणाऱ्यांनी त्याची किंमतही प्रांजळपणे लिहून ठेवली होती. ती भरणार कोण, याचं त्यांच्या डोळ्यांसमोरचं चित्र मात्र वेगळं होतं.

सुरुवात टेलिफोनपासून करायला हवी, कारण फरक तिथे कळतो. आमच्या पिढीच्या लहानपणी घरात जो फोन असायचा तो आपला नसायचा. ते खात्याचं यंत्र. त्याला अक्कल अशी काही नव्हती. सगळी अक्कल एक्स्चेंजमध्ये. त्याला लागणारी वीजसुद्धा तिथूनच तारेवरून यायची, म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. तो बंद पडला की शेजारी जाऊन १९८ फिरवायचं आणि तक्रार नोंदवायची. लाइनमन कधी उगवेल ते परमेश्वराला ठाऊक, पण काम त्याचं होतं. फोन बंद पडला म्हणून कोणी कुणाच्या आजोबांना यंत्र उघडायला सांगितलं नाही.

इंटरनेटने ही मांडणी उलटी केली. मधलं जाळं शक्य तितकं मठ्ठ ठेवायचं, त्याने फक्त पाकिटं पुढे ढकलायची. आणि पाकीट पोचलं का, क्रमाने पोचलं का, हरवलं तर परत पाठवायचं का, ही सगळी जबाबदारी दोन टोकांच्या यंत्रांची. जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या एमआयटीच्या तिघांनी १९८१मध्ये एका परिषदेत आणि मग १९८४मध्ये विस्ताराने हा विचार मांडला. त्याला ‘एंड-टू-एंड’ तत्त्व म्हणतात. जाळ्याने कितीही काळजी घेतली तरी शेवटी टोकाला खात्री करून घ्यावीच लागते, तर मग मधल्याने उगाच जास्त शहाणपणा कशाला करायचा, असा हा साधा युक्तिवाद. वर्ल्ड वाइड वेब सुरू करण्यासाठी टिम बर्नर्स-ली यांना कुठल्या टेलिफोन कंपनीची परवानगी मागावी लागली नाही, ती या तत्त्वामुळे. त्याची दुसरी बाजू आपण टेबलाखाली वाकून अनुभवतो.

१९८८मध्ये क्लार्क यांनी इंटरनेटच्या रचनेमागची उद्दिष्टं महत्त्वाच्या क्रमाने लिहून काढली. प्रकल्पाला पैसा अमेरिकी लष्कराचा होता, त्यामुळे मधले काही भाग नष्ट झाले तरी संभाषण चालू राहिलं पाहिजे, हे वरचं उद्दिष्ट. नवं यंत्र जाळ्याला सहज जोडता यावं, हे यादीत बरंच खाली, सहावं. आणि त्याबद्दल त्यांनी काही लपवलेलं नाही: या रचनेत यंत्र जोडण्याचा खर्च इतर रचनांपेक्षा जास्त पडतो, कारण सगळी यंत्रणा टोकाच्या यंत्रात बसवावी लागते, असं तिथे स्पष्टच म्हटलेलं आहे. १९८८ साली ‘टोकाचं यंत्र’ म्हणजे विद्यापीठातला किंवा प्रयोगशाळेतला महागडा संगणक. त्याच्या दिमतीला पगारी माणसं. दहा वर्षांनी टोकाचं यंत्र म्हणजे कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं, वर क्रोशाचं झाकण घातलेलं, विंडोज ९८ चालणारं यंत्र. पगारी माणसं कुठून आणायची?

खरं तर बिघाड टोकालाच सापडणार, हे पहिल्याच रात्री दिसलं होतं. २९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन हा विद्यार्थी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या यंत्रावर ‘लॉगिन’ टाइप करत होता आणि त्याच वेळी तिकडच्या बिल ड्युव्हॉलशी टेलिफोनवर बोलत होता. ‘एल’ पोचला का? पोचला. ‘ओ’? पोचला. ‘जी’ दाबल्यावर तिकडचा संगणक कोसळला. जाळं शाबूत होतं. पडलं ते टोक. तासाभरात चूक दुरुस्त करून दोघं पुन्हा जोडले गेले. ‘लो’ हा इंटरनेटवरचा पहिला संदेश अशी ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला तिच्यातला टेलिफोन जास्त महत्त्वाचा वाटतो. नव्या जाळ्यात काय बिघडलंय हे कळायला जुनं, भरवशाचं जाळं लागलं. हेल्पलाइनचा पहिला कॉल म्हणायला हरकत नाही.

बिघाड शोधायचं जे अवजार आजही वापरलं जातं, ‘पिंग’, त्याची जन्मकथाही अशीच. माइक म्यूस हा मेरिलंडमधल्या अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करायचा. डिसेंबर १९८३मध्ये तिथलं जाळं विचित्र वागायला लागलं. ‘मी हाक मारतो, ऐकू आली तर ओ दे’ अशा धर्तीचा एक संदेश इंटरनेटच्या नियमांत १९८१पासून होताच. म्यूसने तो पाठवून किती वेळात ओ येते हे मोजणारा छोटासा प्रोग्रॅम लिहायला घेतला. प्रोग्रॅम तयार झाला, पण चालेना, कारण खालच्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये तशी सोयच नव्हती. मग चिडून त्याने तीही लिहिली. पहाट व्हायच्या आत सगळं तयार होतं. तोवर त्याच्या सहकाऱ्याने हार्डवेअरमधला दोष शोधून दुरुस्तही केला होता. म्हणजे पिंग ज्या बिघाडासाठी लिहिला त्याला तो उपयोगी पडलाच नाही. नाव ठेवलं पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. कॉलेजात त्याने सोनारवर काम केलेलं होतं. म्यूस २०००च्या नोव्हेंबरमध्ये मोटार अपघातात गेला.

पिंगबद्दल एक किस्सा त्यानेच नोंदवून ठेवला आहे. एका प्रशासकाच्या इमारतीतलं जाळं अधूनमधून तुटत होतं. त्याने प्रत्येक उत्तराला संगणक मोठ्याने ‘पिंग’ म्हणेल अशी सोय केली, आवाज वाढवला आणि इमारतभर फिरत एकेक जोड हलवून पाहिला. ज्या जोडाला हात लावल्यावर आवाज थांबला, तो खराब. आपल्याला जेव्हा “वायर काढून परत बसवा” सांगतात, तेव्हा नेमकं हेच करायला सांगत असतात. फक्त आवाज नसतो.

यादीतला आणखी एक थर म्हणजे नावांचा. यंत्रांना आकडे असतात आणि माणसांना नावं लक्षात राहतात. सुरुवातीला जाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एका फाइलमध्ये असत. ती एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली कॅलिफोर्नियात ठेवली जाई आणि बाकीचे तिची प्रत घेऊन जात, गावच्या एकाच पंचांगासारखी. यंत्रं वाढली तशी ती पुरेना, म्हणून १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस रचलं: नावं वाटून ठेवायची, विचारत विचारत जायचं. सगळं ठीक असूनही एकही पान उघडत नाही, अशा वेळी बऱ्याचदा हे विचारणंच अडकलेलं असतं. ती जुनी फाइल गेलेली नाही. विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’, त्यात ‘ड्रायव्हर्स’, त्यात ‘ईटीसी’ या फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावाने ती अजून आहे, आणि यंत्र डीएनएसच्या आधी तिच्यात डोकावतं. देवघरात जुना टाक असावा तशी.

*

भारतात १९८६-८७च्या सुमारास अर्नेट या शैक्षणिक जाळ्यातून मुंबईतलं एनसीएसटी, आयआयटी अशा संस्था ईमेलने जोडल्या गेल्या. घरांपर्यंत यायला आणखी आठ-नऊ वर्षं गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे सर्वसामान्यांसाठी सेवा सुरू केली. खाजगी कंपन्यांना दार उघडलं ते नोव्हेंबर १९९८मध्ये. आमच्या घरी पुण्यात १९९९ साली मोडेम आला. मी तेव्हा अकरावीत होते.

मोडेमचं जगच निराळं. त्याला हुकूम द्यायची भाषा डेनिस हेज यांच्या कंपनीच्या १९८१च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली. प्रत्येक हुकूम ‘एटी’ने, म्हणजे ‘लक्ष दे’ने सुरू. ही भाषा अमेरिकेत घडलेली, आणि आपल्याकडचे पहिले अडथळे नेमके तिथे आले. मोडेम फोन लावण्याआधी डायल टोन येतोय का ते ऐकतो. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झ अशा दोन सुरांचा. आपल्याकडचा ४०० हर्ट्‌झच्या आसपासचा, थरथरणारा. त्यामुळे आपल्या कानाला टोन धडधडीत ऐकू येत असताना कितीतरी मोडेम ‘टोन नाही’ म्हणून हटून बसायचे. पडद्यावर ६८०. उपाय असा, की सेटिंगमध्ये जाऊन ‘वेट फॉर डायल टोन’समोरची खूण काढायची, किंवा ‘एटीएक्स३’ हा मंत्र घालायचा. म्हणजे ‘टोनची वाट बघू नकोस, लाव फोन’. जुन्या एक्स्चेंजच्या भागात आणखी एक भानगड. तिथे टोनने नंबर लागायचाच नाही, जुन्या तबकडीसारखं पल्सने टकटक करत लावावा लागायचा. ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’.

हे आकडे आणि मंत्र आम्हाला मारुती स्तोत्रासारखे पाठ होते. ६७६ म्हणजे लाइन बिझी. ६७८, पलीकडून उत्तर नाही. ६९१, पासवर्ड चुकला, किंवा विकत घेतलेले तास संपले. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीला होता. त्यांचा फोन यायचा, “अगं, सहाशे अठ्ठ्याहत्तर म्हणतोय. जरा बघून जातेस का?” त्या आकडे बरोबर सांगायच्या, आजारातल्या तापासारखे. त्यांच्याकडे स्वयंपाकघरात एक समांतर फोन होता. तो कोणी उचलला की कनेक्शन गेलं. कॉल वेटिंगची बीप आली की गेलं. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डब्यात पाणी शिरलं की लाइनमध्ये खरखर, आणि खरखरीत मोडेमचा तो किंचाळणारा संवाद पूर्णच होत नसे. तो आवाज म्हणजे दोन मोडेमनी एकमेकांना ‘तुला किती वेग जमेल, या तारेवर काय काय ऐकू येतंय’ असं विचारणं. तो शेवटपर्यंत ऐकून कनेक्शन लागणार की नाही हे आम्हाला आधीच कळायचं. आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस. दूर कुठे वीज पडली की टेलिफोनच्या तारेतून येऊन ती मोडेम जाळून जायची. आकाश भरून आलं की भिंतीतली फोनची पिन काढायची, ही नवी रीत घराघरांत पडली. वाळवणं आत घ्या, फोनची पिन काढा.

आज बघता मला जाणवतं ते हे, की सोसायटीत कोणीही कंपनीला फोन करत नसे. कारण कंपनीचं उत्तर ‘लाइन खराब आहे, टेलिफोन खात्याला सांगा’, खात्याचं उत्तर ‘बोलणं नीट होतंय ना, मग लाइन चांगली आहे’, आणि संगणक विकणाऱ्याचं उत्तर ‘मशीन चालू होतंय ना?’ तिघांचंही आपापल्या परीने खरं. जबाबदारी टोकावर टाकणारं तत्त्व इथे असं उतरलं, आणि दोन्हींच्या मधली फट कोणीतरी भरायला हवी होती. ती भरली शाळा-कॉलेजातल्या पोरांनी. चहा आणि चिवडा हेच त्यांचं मानधन. या फुकटच्या श्रमाची नोंद देशात इंटरनेट कसं पसरलं याच्या इतिहासात सहसा कुठे सापडत नाही. परवाने, केबल आणि दर यांचीच सापडते.

*

ब्रॉडबँड आल्यावर (२००४च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या २५६ केबीपीएस अशी होती, आज वाचून हसू येतं) किंचाळणं थांबलं आणि घरात राउटर आला. त्याच्याबरोबर आलं ‘बंद करून चालू करा’. हा सल्ला हास्यास्पद वाटतो, पण त्याला कारण आहे. जगात आकडे अपुरे पडायला लागले, म्हणून १९९४च्या सुमारास एक पळवाट निघाली: घरातल्या सगळ्या यंत्रांना १९२.१६८ने सुरू होणारे खाजगी आकडे द्यायचे, आणि बाहेर सगळ्यांचा मिळून एकच. आतलं कोण बाहेर कोणाशी बोलतंय याची वही राउटर ठेवतो. आता क्लार्क यांचं मूळ म्हणणं आठवा. संभाषणाची आठवण मध्ये ठेवू नका, टोकांपाशी ठेवा, म्हणजे मधलं काही कोलमडलं तरी बोलणं वाचेल. आपण नेमकी ती आठवण मधल्या स्वस्त डब्यात कोंबली. वही भरली, एखादं पान अडकलं, की डबा गोंधळतो. बंद करून चालू करणं म्हणजे वही फाडून कोरी घेणं.

राउटरने आकडा दिलाच नाही, तर संगणक काय करतो? विंडोज ९८पासून तो स्वतःच स्वतःला एक घेतो, १६९.२५४ने सुरू होणारा. तो दिसला की समजावं, यंत्राने हाका मारल्या आणि घरातल्या घरातच कोणी ओ दिली नाही. अशा वेळी हेल्पलाइनवरच्या माणसाशी बाहेरच्या लाइनबद्दल भांडण्यात अर्थ नसतो. उलट, पिंग केल्यावर ८.८.८.८कडून उत्तर येतंय आणि पानं मात्र उघडत नाहीत, तर घर आणि लाइन दोन्ही ठीक, नावांचं अडलंय. माझ्या मते या दोन खुणा सातवीच्या पुस्तकात असाव्यात. फ्यूज कसा बदलायचा हे आम्हाला शिकवलं होतंच की.

पण टोकाला दिसतं ते तेवढंच. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारताची निम्म्याहून जास्त क्षमता गेली. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत सगळे आपापला राउटर बंद-चालू करत होते. भूमध्य समुद्रातल्या तुटक्या केबलवर इलाज म्हणून प्रभात रोडच्या बाजूच्या दुकानातून एकाने नवी वायरही आणली. दुसऱ्या दिवशी पेपरात नकाशा छापून आला तेव्हा कळलं.

आणि काही वेळा तुटलेलं काहीच नसतं. पिंगला जी उत्तरं येऊ शकतात त्यांची अधिकृत यादी आहे. ‘पोचता येत नाही’ या सदरातल्या तेराव्या क्रमांकाच्या उत्तराचा अर्थ असा: प्रशासकीय कारणास्तव संपर्कास मनाई. मंत्रालयातून आल्यासारखं वाटतं, पण हे १९९५च्या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांतलं आहे. प्रत्यक्षात ते क्वचितच कोणी पाठवतं. मनाई करणारा बहुधा गप्प राहणं पसंत करतो. ५ ऑगस्ट २०१९ला काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झालं. मोबाइलवरचं टूजी परत यायला जानेवारी २०२० उजाडला, फोरजी यायला फेब्रुवारी २०२१. मधल्या काळात उरलेल्या भारतातली मुलं लॉकडाउनमध्ये नेट अडकलं म्हणून मोबाइल घेऊन गच्चीवर किंवा टेकाडावर चढत होती. तिथल्या मुलांनी कितीही उंच चढून उपयोग नव्हता. टोकाच्या यंत्राला मात्र दोन्हींतला फरक कळत नाही. पडद्यावर दोन्हीकडे तेच, ‘नो इंटरनेट’.

गेल्या काही वर्षांत फायबर आलं आणि भिंतीवर डबा आला तो पुन्हा कंपनीचा. त्याची बरीचशी सेटिंग्ज आपल्याला उघडत नाहीत. त्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला, तर काचेच्या धाग्यातून उजेडच येत नाहीये, आणि घरातल्या माणसाने करण्यासारखं काही उरत नाही. तरीही तीस सेकंद थांबायला सांगतातच. नोव्हेंबरात आईचा हयातीचा दाखला घरूनच ऑनलाइन द्यायचा होता, तेव्हा तो लाल झाला. चौथ्या दिवशी एक मुलगा मोटरसायकलवरून आला. जिन्यात मांडी घालून बसला, पेटीतून यंत्र काढलं, केसाएवढ्या दोन धाग्यांची टोकं साफ केली, जोडली. आईने विचारलं, “काय झालं होतं रे?” “उंदीर, आजी.” दिवा हिरवा झाला. मग त्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, तक्रार बंद करायला ओटीपी लागेल, बघा मेसेज आलाय का.